फर्मवेअर अपडेटनंतर विंडोजच्या फाइली गायब झाल्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोलीच्या बाजारात मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. हर्णै, आंजर्ले, केळशीपासून दाभोळपर्यंत आणि खाडी ओलांडून गुहागरकडूनही माणसं लॅपटॉप घेऊन येतात. एक तक्रार आता वारंवार ऐकू येते: "रात्री अपडेट आलं आणि सकाळी मशीन म्हणतंय, फाइल सापडत नाही." यातले काहीजण माझ्याकडे येण्याआधीच कुणाकडून तरी फॉरमॅट मारून आलेले असतात. मुलांच्या बारशापासूनचे फोटो, बागेची बिलं, पतपेढीचे हिशेब, सगळं गेलेलं असतं. ते जायची गरज नव्हती, हे त्यांना सांगताना फार वाईट वाटतं. म्हणून काउंटरवर आणि फोनवर लोक जे विचारतात, ते इथे सविस्तर लिहिलं आहे.

कमांड मी फोनवर सांगतो तशाच लिहिल्या आहेत; टाइप इंग्रजी अक्षरांत करायच्या. "जागा" म्हणजे स्पेस, "स्लॅश" म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ आणि "उलटा स्लॅश" म्हणजे बहुतेक कीबोर्डवर एंटरच्या वर असलेली.

फर्मवेअर अपडेट म्हणजे काय? मी तर काहीच केलं नव्हतं.

मदरबोर्डवर एक छोटी चिप असते, आठ पायांची, तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढी. आजकालच्या लॅपटॉपमध्ये ती साधारण १६ किंवा ३२ एमबीची असते. मशीन चालू केल्यावर सगळ्यात आधी या चिपमधला प्रोग्रॅम चालतो: रॅम किती, डिस्क कुठली, कीबोर्ड जोडलाय का हे तपासतो आणि मग विंडोजला हाक मारतो. यालाच आपण सवयीने बायोस म्हणतो. नव्या मशीनमध्ये त्याचं रूप यूईएफआय आहे.

पूर्वी हे अपडेट कुणीतरी मुद्दाम करायचं. आता ते विंडोज अपडेटमधून किंवा कंपनीच्या सपोर्ट ॲपमधून आपसूक येतं. रीस्टार्ट झाल्यावर काळ्या पडद्यावर कंपनीचा लोगो, खाली सरकणारी पट्टी, पंखा जोरात फिरतोय, असं दिसलं असेल तर ते फर्मवेअर अपडेट होतं. "मी काही केलं नाही" हे तुमचं म्हणणं अगदी खरं असू शकतं.

त्या अपडेटने विंडोजच्या फाइली पुसल्या का?

बहुतेक वेळा नाही. फर्मवेअर चिपमध्ये राहतं, विंडोज डिस्कवर. एकाच्या अपडेटमध्ये दुसऱ्याच्या फाइलींना हात लागत नाही.

मग "फाइल सापडत नाही" असं का येतं? दाभोळ-धोपावे फेरीबोट बंद असेल तर पलीकडचं घर काही वाहून गेलेलं नसतं. घर जागेवर असतं, जायची वाट बंद असते. फर्मवेअर अपडेट झालं की चिपमधल्या सेटिंग्ज कधीकधी कारखान्यातल्या मूळ स्थितीला जातात. डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं, आधी कुठून सुरू व्हायचं, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचाच प्रोग्रॅम चालू देणारी सुरक्षा) चालू की बंद, हे सगळं बदलू शकतं. विंडोज बूट मॅनेजर कुठे आहे ही नोंदसुद्धा मदरबोर्डच्याच स्मृतीत असते आणि तीही पुसली जाऊ शकते. डिस्कवर विंडोज शाबूत, पण तिथे पोचायचा पत्ता हरवलेला.

फाइली खरोखर खराब होतात त्या वेगळ्या कारणाने. विंडोजचं स्वतःचं अपडेट त्याच वेळी चालू होतं आणि मध्येच लाईट गेली, किंवा मशीन अडकलं म्हणून कुणीतरी पॉवरचं बटण दाबून धरलं, किंवा डिस्क आधीपासूनच आजारी होती आणि त्या दिवशी उघडी पडली.

म्हणून क्रम पाळा. आधी सेटिंग, मग बूटची नोंद, मग फाइली. उलट्या क्रमाने गेलात तर शाबूत विंडोज मोडून बसाल.

स्क्रीनवर आलेल्या मेसेजवरून काय ओळखायचं?

आधी मोबाइलने त्या स्क्रीनचा फोटो काढा. "काहीतरी एरर होता" एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

निळ्या पडद्यावर रिकव्हरी की मागत असेल तर तो बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागलेलं विंडोजचं कुलूप आहे. फाइली सुरक्षित आहेत. "नो बूटेबल डिव्हाइस" किंवा "ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड" असेल तर बूटचा क्रम, बूटची नोंद किंवा जुन्या पद्धतीच्या बूटची सेटिंग बघायची. "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" असेल तर जवळजवळ नेहमी डिस्कच्या मोडची सेटिंग बदललेली असते. "विनलोड डॉट ईएफआय" नाही किंवा खराब आहे असं लिहून खाली सी, मग सहा शून्यं आणि एफ असा कोड असेल, तर बूटच्या यादीतला विंडोजचा पत्ता चुकलाय किंवा ती फाइल खरंच खराब आहे. विंडोज उघडते पण एखादं ॲप "अमुक डीएलएल मिसिंग" म्हणतं (डीएलएल म्हणजे ॲपला चालायला लागणारी मदतनीस फाइल), तो प्रश्न पूर्ण वेगळा. त्यावर पुढे लिहिलं आहे.

आणि पडद्यावर काहीच येत नाही, नुसता पंखा फिरतो किंवा कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतो, तर गोष्ट विंडोजपर्यंत पोचलेलीच नाही. तिथे फर्मवेअरच अर्धवट राहिलेलं असू शकतं.

४८ आकडी की मागतोय. मी कधी लॉक लावलाच नव्हता!

तुम्ही लावला नसेल, पण लागलेला असतो. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिलं लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, अगदी होम आवृत्तीतही. डिस्कची किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपमध्ये असते. मशीन सुरू होताना फर्मवेअर आणि बूटची मापं घेतली जातात. ती ओळखीची असतील तरच टीपीएम किल्ली सोडतो. फर्मवेअर बदललं की माप बदलतं आणि तो अडून बसतो. चोराने डिस्कशी छेडछाड केली तर तुमचा डेटा वाचावा म्हणून ही व्यवस्था आहे.

की शोधायची ती मोबाइलवरून. ब्राउझरमध्ये अकाउंट डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम, स्लॅश डिव्हायसेस, स्लॅश रिकव्हरीकी या पत्त्यावर जा आणि लॅपटॉपवर वापरलेल्या खात्याने लॉगिन करा. तिथे एक किंवा जास्त की दिसतील. निळ्या पडद्यावर की आयडी दिलेला असतो. त्याची पहिली आठ अक्षरं यादीशी जुळवा आणि जुळेल तीच की टाका. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. घाई करू नका, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने टाकायचं.

आपल्याकडे खरी अडचण असते ती खात्याची. लॅपटॉप मुंबईच्या मुलाने गणपतीला येताना आणलेला, सेटअप त्यानेच स्वतःच्या ईमेलने केलेला, आणि आता वापरतात बाबा. बाबांच्या खात्यात की दिसत नाही आणि ते हबकून जातात. मुलाला फोन करा, की त्याच्या खात्यात असते. शाळेचा किंवा बँकेचा लॅपटॉप असेल तर की संस्थेच्या आयटी विभागाकडे असते. घरी विकत घेताना दुकानदाराने सेटअप करून दिला असेल तर कुठला ईमेल टाकला होता हे त्याला विचारा.

की कुठेच मिळाली नाही तर? तर त्या डिस्कवरचा डेटा कुणालाही काढता येत नाही, मलासुद्धा नाही. "पैसे द्या, अनलॉक करून देतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मात्र एक करून बघण्यासारखं आहे: अपडेटने बदललेली सिक्युअर बूट किंवा टीपीएमची सेटिंग पूर्ववत केली की कधीकधी की न मागताच विंडोज उघडते. टीपीएम "क्लिअर" करायचा पर्याय दिसला तर त्याला मात्र हात लावू नका.

"डिस्कच सापडत नाही" म्हणतात. एसएसडी गेली का?

इथे एक प्रसंग सांगतो, कारण हाच घोटाळा मी सगळ्यात जास्त पाहिलाय.

गुहागर तालुक्यातल्या एक ताई सेवा केंद्र चालवतात. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, शाळेचे फॉर्म, सगळं एका लॅपटॉपवर. जूनमध्ये, दाखल्यांसाठी दारात रांग लागायच्या दिवसांत, अपडेटनंतर निळी स्क्रीन आली: इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. एका ठिकाणी दाखवल्यावर त्यांना सांगितलं गेलं की एसएसडी जळाली, नवीन टाकावी लागेल. ताई फेरीबोटीने लॅपटॉप घेऊन आल्या. भर पाऊस होता, बॅगेला दोन प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या.

मी बूटेबल, म्हणजे ज्यावरून विंडोजचं सेटअप सुरू होतं असा पेनड्राइव्ह लावला, शिफ्ट आणि एफ १० दाबून काळी खिडकी उघडली, डिस्कपार्ट लिहिलं, मग लिस्ट डिस्क. यादीत एकच ओळ आली: डिस्क शून्य, १४ जीबी. तो माझाच पेनड्राइव्ह होता. ताई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे गेलीच ना हो दादा?"

मग बायोसमध्ये गेलो. तिथे स्टोरेजच्या पानावर मात्र एसएसडी नावासकट, क्षमतेसकट दिसत होती. म्हणजे डिस्क जिवंत होती. दोन ओळी खाली व्हीएमडी कंट्रोलर (इंटेलच्या मशीनमधली डिस्क हाताळण्याची एक पद्धत) नावाची सेटिंग "एनेबल्ड" झालेली. मी विचारलं, विंडोज कधी नव्याने टाकली होती का? हो, गेल्या वर्षी. तेव्हा ज्याने टाकली त्याने हीच सेटिंग बंद केली असणार, कारण ती चालू असली की बऱ्याच मशीनवर वेगळा ड्रायव्हर दिल्याशिवाय विंडोजच्या सेटअपला डिस्क दिसतच नाही. अपडेटने तिला मूळ स्थितीला, म्हणजे चालूवर नेलं होतं. मी ती बंद केली, एफ १० दाबून सेव्ह केलं, आणि दीड मिनिटात ताईंच्या डेस्कटॉपवरचा गणपतीपुळ्याच्या समुद्राचा फोटो समोर आला. एकही फाइल गेलेली नव्हती.

तर तुम्हीही हेच करा. बायोसमध्ये जायला मशीन चालू करताच एफ २, डिलीट, एफ १० किंवा एफ १, जे तुमच्या कंपनीचं असेल ते दाबत राहा. स्टोरेज किंवा साटा या नावाचं पान शोधा. एएचसीआय, रेड, आरएसटी किंवा व्हीएमडी असे शब्द दिसतील. आहे त्या पानाचा फोटो काढा, एकच सेटिंग बदला, सेव्ह करा, विंडोज उघडते का बघा. नाही उघडली तर जशी होती तशी परत करा. हा बदल करण्याआधी बिटलॉकरची की हाताशी ठेवा, ती विचारली जाऊ शकते.

जुन्या डेस्कटॉपवर, विशेषतः विंडोज ७ च्या काळात पार्टिशन केलेल्या डिस्कवर, दुसरी गोष्ट घडते. अपडेटनंतर लेगसी किंवा सीएसएम बूट बंद होतं आणि जुन्या पद्धतीची डिस्क बूट होत नाही. सीएसएम चालू केलं की काम होतं.

डिस्क दिसते, सेटिंग बरोबर आहे, तरी विंडोज सुरू होत नाही.

मग बूटची नोंद किंवा बूटच्या फाइली नव्याने लिहायच्या. दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह बूटेबल करा. त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. त्यावरून मशीन सुरू करा, भाषेच्या पानावर थांबा आणि शिफ्ट-एफ १० दाबा. "इन्स्टॉल नाऊ" दाबायचं नाही.

डिस्कपार्ट लिहून एंटर. लिस्ट, जागा, व्हॉल्यूम. यादीत फॅट ३२ प्रकाराचा, साधारण १०० ते ३०० एमबीचा छोटा भाग दिसेल; तो बूटचा. पेनड्राइव्हही फॅट ३२ असतो, पण तो कितीतरी मोठा असतो, गल्लत करू नका. समजा त्या छोट्या भागाचा क्रमांक ३ आहे, तर सिलेक्ट, जागा, व्हॉल्यूम, जागा, ३. मग असाइन, जागा, लेटर, बरोबरचं चिन्ह, एस. मग एक्झिट.

आता विंडोज कुठल्या अक्षरावर आहे ते बघा. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर तुमचा सी ड्राइव्ह डी किंवा ई दिसू शकतो. डीआयआर, जागा, सी, कोलन लिहून विंडोज आणि युजर्स ही फोल्डर दिसतात का पाहा. दिसली तर (दुसऱ्या अक्षरावर दिसली तर सी च्या जागी ते अक्षर घालून) ही कमांड: बीसीडीबूट, जागा, सी, कोलन, उलटा स्लॅश, विंडोज, जागा, स्लॅश एस, जागा, एस, कोलन, जागा, स्लॅश एफ, जागा, यूईएफआय.

"बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड" असं उत्तर आलं की पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट करा. ही कमांड विंडोजच्या फोल्डरमधून बूटच्या फाइलींची ताजी प्रत काढते आणि मदरबोर्डमध्ये नोंदही करते. तुमच्या डेटाला ती शिवत नाही. इंटरनेटवर सर्वत्र दिसणारी बूटरेक, फिक्सबूट ही जुनी मात्रा नव्या मशीनवर बऱ्याचदा "ॲक्सेस डिनाइड" म्हणून थांबते. त्यात वेळ घालवू नका.

विंडोज उघडते, पण स्टार्ट मेनू चालत नाही, सेटिंग्ज उघडत नाहीत. कुठली कमांड मारू?

आता खरोखर सिस्टीम फाइलींचा विषय आला. स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल ॲडमिन उघडा. स्टार्टच चालत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर, तिथून "रन न्यू टास्क", सीएमडी लिहा आणि ॲडमिनच्या चौकोनात टिक करा.

पहिली कमांड: डिस्म, म्हणजे डी-आय-एस-एम, जागा, स्लॅश ऑनलाइन, जागा, स्लॅश क्लीनअप-इमेज, जागा, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. क्लीनअप आणि इमेजच्या मध्ये छोटी आडवी रेघ आहे, जागा नाही. रिस्टोअरहेल्थ एक शब्द. ती पूर्ण झाली की दुसरी: एस-एफ-सी, जागा, स्लॅश स्कॅननाऊ.

हा क्रम का? विंडोज स्वतःच्या सुट्या भागांचं एक कोठार ठेवते, विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरमध्ये. एसएफसी खराब फाइल बदलायला याच कोठारातून चांगली प्रत उचलते. कोठारच खराब असेल तर ती काय देणार? म्हणून आधी डिस्मने कोठार दुरुस्त करायचं आणि मग एसएफसी चालवायची.

डिस्मची पट्टी ६२ टक्क्यांच्या आसपास खूप वेळ थांबलेली दिसते. लोक तिथे घाबरून बंद करतात. करू नका. ती अडकलेली नसते, काम चालू असतं. मी अर्धा-पाऊण तास सहज वाट पाहतो, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर त्याहून जास्त.

एसएफसीच्या शेवटी तीनपैकी एक उत्तर येतं. काहीच बिघाड सापडला नाही. सापडला आणि दुरुस्त केला. किंवा सापडला पण काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत. तिसरं आलं तर रीस्टार्ट करून दोन्ही कमांड पुन्हा एकदा मारा. दुसऱ्या फेरीत सुटलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. तरीही तेच आलं तर पुढे दिलेला रिपेअर इन्स्टॉलचा मार्ग धरा.

आमच्याकडे पावसात रेंजच नसते. डिस्म नेट मागतोय.

खरं आहे, तो चांगल्या फाइली विंडोज अपडेटकडून मागवतो. नेट तुटलं तर आठ, शून्य, शून्य, एफ, शून्य, आठ, एक, एफ असा कोड येऊ शकतो. याचा अर्थ एवढाच की मूळ फाइली मिळाल्या नाहीत.

त्यावर उपाय म्हणजे तोच बूटेबल पेनड्राइव्ह. त्यातल्या सोर्सेस फोल्डरमध्ये इन्स्टॉल डॉट डब्ल्यूआयएम किंवा इन्स्टॉल डॉट ईएसडी नावाची मोठी फाइल असते. समजा पेनड्राइव्ह ई आहे आणि फाइल ईएसडी आहे. आधीच्या कमांडच्या शेवटी जोडा: जागा, स्लॅश सोर्स, कोलन, ईएसडी, कोलन, ई, कोलन, उलटा स्लॅश, सोर्सेस, उलटा स्लॅश, इन्स्टॉल डॉट ईएसडी, कोलन, १, जागा, स्लॅश लिमिटॲक्सेस. फाइल डब्ल्यूआयएम असेल तर दोन्ही ठिकाणी ईएसडीच्या जागी तसं लिहा. शेवटचा १ म्हणजे आवृत्तीचा क्रमांक. एका फाइलमध्ये होम, प्रो अशा अनेक आवृत्त्या असतात; डिस्म, जागा, स्लॅश गेट-विमइन्फो, जागा, स्लॅश विमफाइल, कोलन आणि पुढे त्या फाइलचा पत्ता दिला की यादी दिसते. आपली आवृत्ती बघून तो आकडा टाका. पेनड्राइव्हवरची विंडोज आणि मशीनवरची विंडोज शक्यतो एकाच पिढीची हवी, नाहीतर फाइली जुळत नाहीत.

विंडोज उघडतच नाही, तरी एसएफसी चालवता येते का?

येते. पेनड्राइव्हच्या काळ्या खिडकीतून: एसएफसी, जागा, स्लॅश स्कॅननाऊ, जागा, स्लॅश ऑफबूटडिर, बरोबर, सी, कोलन, उलटा स्लॅश, जागा, स्लॅश ऑफविनडिर, बरोबर, सी, कोलन, उलटा स्लॅश, विंडोज. सी च्या जागी तिथे दिसणारं खरं अक्षर.

चेकडिस्क मारू का?

थांबा. चेकडिस्क म्हणजे डिस्कमधल्या चुका शोधून दुरुस्त करणारी कमांड. आधी डेटाची प्रत, मग चेकडिस्क. फिरत्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा फाइली कॉपी होताना मध्येच अडकत असतील, तर डिस्क मरणपंथाला आहे. चेकडिस्क तिला तासन् तास राबवते आणि उरलेला डेटाही जातो. आपल्या किनाऱ्यावर खारी हवा आणि चार महिन्यांची ओल आहे. साटाच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर धरलेला मी नेहमी बघतो. डेस्कटॉप असेल तर वीज बंद करून केबल काढून घट्ट बसवा. नुसत्या एवढ्यानेही "फाइल मिसिंग" गेलेलं आहे.

मिसिंग डीएलएल नेटवरून उतरवून टाकली तर?

नको. डीएलएल देणाऱ्या साइट्सवरची फाइल कुठून आली, कुठल्या आवृत्तीची आहे, तिच्यात काय घातलंय, काहीच कळत नाही. एमएसव्हीसीपी १४० किंवा व्हीसीरनटाइम १४० अशी नावं असतील तर ती विंडोजची मूळ फाइल नाहीच. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल टाका, एक्स ६४ आणि एक्स ८६ दोन्ही. बाकी ॲपच्या डीएलएलसाठी ते ॲप काढून पुन्हा टाका.

कमांडने नाही सुटलं. फॉरमॅटशिवाय काही आहे का? माझे मराठी फॉन्ट, टॅली, अंगठ्याचा स्कॅनर, सगळं जाईल.

आहे, आणि ते फार कमी लोक करतात याची मला खंत आहे. त्याला रिपेअर इन्स्टॉल म्हणतात. विंडोज उघडत असेल तर तिच्या आतूनच पेनड्राइव्हवरचं सेटअप चालवायचं आणि "पर्सनल फाइल्स आणि ॲप्स ठेवा" हा पर्याय निवडायचा. विंडोजच्या सगळ्या सिस्टीम फाइली नव्या येतात. तुमच्या फाइली, ॲप, श्री-लिपीसारखे टाकलेले फॉन्ट जागेवर राहतात. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे "फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट" हा पर्यायही आहे. तो हेच काम पेनड्राइव्हशिवाय करतो, मात्र नेट चांगलं लागतं.

ॲप ठेवायचा पर्याय फिका दिसत असेल तर बहुधा भाषा जुळत नाही. मशीनवर अमेरिकन इंग्रजी असेल आणि पेनड्राइव्ह इंटरनॅशनल इंग्रजीचा असेल तरी तो अडतो. सी ड्राइव्हवर २०-२५ जीबी जागा मोकळी ठेवा. आणि सुरक्षित मार्ग असला तरी टॅलीचा डेटा फोल्डर, फॉन्टचं फोल्डर आणि डेस्कटॉप आधी बाहेरच्या डिस्कवर घ्याच. लग्नपत्रिकांचं काम करणाऱ्यांनी तर फॉन्टची प्रत नेहमीच वेगळी ठेवावी.

फॉरमॅटची वेळ येते ती डिस्क बदलल्यावर, व्हायरसने सगळं पोखरल्यावर किंवा बिटलॉकरची की कायमची हरवल्यावर.

अपडेट चालू असतानाच लाईट गेली. आता पडदा काळाच आहे.

लॅपटॉप असेल तर बॅटरीने तारलं असण्याची शक्यता आहे. चार्जर लावून अर्धा तास तसाच ठेवा, बटण दाबू नका. काही मशीन स्वतःहून दोन-तीनदा बंद-चालू होतात, ते ठीक आहे.

नाही आलं तर आपत्कालीन मार्ग असतात. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज आणि बी ही बटणं धरून पॉवर दाबतात; डेलच्या बऱ्याच मॉडेलवर कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जर लावतात. काही डेस्कटॉप बोर्डवर फ्लॅशबॅकचं बटण किंवा दुसरी राखीव चिप असते. हे काहीच नसेल तर चिपला क्लिप लावून प्रोग्रॅमरने फर्मवेअर पुन्हा लिहावं लागतं. ते करणाऱ्याला एक नक्की सांगा: लिहिण्याआधी जुन्या चिपची प्रत काढून ठेव. मशीनचा सिरियल नंबर आणि कंपनीने दिलेल्या विंडोजची लायसन्स की त्याच चिपमध्ये असते. कुठल्यातरी साइटवरची फाइल सरळ मारली तर मशीन सुरू होतं, पण ती ओळख जाते.

अपडेटनंतर तारीखच चुकीची दिसते आणि सरकारी साइट उघडत नाहीत.

फाइलींचा दोष नाही. घड्याळ मागे गेलं की सुरक्षा प्रमाणपत्रं अवैध ठरतात. तारीख दुरुस्त करा. रोज मागे जात असेल तर बोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी बदला.

जुनं फर्मवेअर परत टाकता येतं का?

काही मॉडेलवर येतं, काहींवर कंपनीने सुरक्षेसाठी मागचा रस्ता बंद केलेला असतो. सेटिंग तपासून झाल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नका.

लिनक्स आणि विंडोज दोन्ही होतं. आता लिनक्स दिसत नाही.

बहुतेक वेळा फक्त बूटचा क्रम बदललेला असतो. बायोसच्या बूट यादीत उबुंटू वर आणा. यादीत नावच नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट रिपेअर चालवा.

मग फर्मवेअर अपडेट बंदच करून टाकू?

असं करू नका. त्यातून सुरक्षेच्या मोठ्या त्रुटी बुजवल्या जातात. शिवाय सिक्युअर बूटची २०११ सालची मायक्रोसॉफ्टची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदतबाह्य व्हायला लागतात. नवी प्रमाणपत्रं मशीनमध्ये जायला काही ठिकाणी फर्मवेअर अपडेट लागतं.

पण वेळ तुम्ही निवडा. बिटलॉकरची की कागदावर उतरवून ठेवा. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. गुहागरच्या ताईंकडे तो असता तर घरबसल्या काम झालं असतं. विंडोज प्रो असेल तर अपडेटआधी बिटलॉकरमध्ये "सस्पेंड प्रोटेक्शन" करा. बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. नुसता इन्व्हर्टर असेल तर त्यावर यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर क्षणभर खंड पडतो आणि तेवढ्याने डेस्कटॉप बंद होतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर इथल्या गावांनी कित्येक दिवस अंधारात काढलेत, त्यामुळे विजेचं मी कुणाला वेगळं सांगायला नको. मळभ दाटून गडगडायला लागलंय अशा मेच्या संध्याकाळी, आंबा पेट्यांची बिलं करायची आहेत त्या सकाळी किंवा फॉर्मची शेवटची तारीख असेल त्या दिवशी "अपडेट अँड रीस्टार्ट" दाबू नका.

लांबून येतो आहे. सोबत काय आणू?

लॅपटॉपसोबत त्याचाच चार्जर. एररचा फोटो. ज्या खात्याने लॉगिन करता त्याचा मोबाइल, कारण ओटीपी तिथेच येतो. खातं मुलाचं असेल तर त्याला त्या वेळी फोनवर राहायला सांगा. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देऊ नका, तुम्ही स्वतः टाका. डेटा घ्यायला रिकामी बाहेरची डिस्क असेल तर उत्तम. आणि पावसात येत असाल तर बॅगेच्या आत, लॅपटॉपलाच प्लास्टिकची पिशवी गुंडाळा; नुसती बॅगेला गुंडाळलेली एसटीतून उतरेपर्यंत फाटते.